तेवीस वर्षांची हवा

...आणि वर मलाच विचारतात, सर, तुमच्या तासाला हल्ली मुलं का बसत नाहीत हो? आता हे काय मला विचारायचं? बाकांना विचारा. हजेरीपटावर एकशेवीस नावं आणि समोर अकरा डोकी, त्यातली दोन खिडकीकडे वळलेली, एक सरळ बाकावर टेकलेलं, म्हणजे कामाची आठच. तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवतोय, एकाच कॉलेजात, एकाच वर्गात आणि... आता लाज वाटते सांगायला, पण सांगतो... एकाच वहीतून. पिवळी पडलीय ती वही. विनोद कुठं करायचा तेसुद्धा समासात लिहून ठेवलंय, 'इथे हशा', आणि पूर्वी तिथं बरोबर हशा यायचा.

बाकीची एकशे नऊ कुठं गेली म्हणाल, तर कुठंच नाही, कॉलेजातच असतात. जिन्यात, कँटीनमध्ये, सायकली लावायच्या शेडमध्ये, कानात बोंडं घालून मोबाइलमध्ये डोळे लावून बसलेली. मला वाटायचं सिनेमे बघत असतील. मग एकदा जिन्यात एकाच्या खांद्यावरून डोकावलो, तर आत एक बाई फळ्यापुढे उभी, आणि फळ्यावर काय, तर माझाच धडा. तोच, जो शिकवायला मी त्याच जिन्यानं वर चाललो होतो. ऑनलाइन कोर्स म्हणे. कुणीही यावं, कधीही यावं, हजेरी नाही, दाराला कडी नाही. किती जण बघतात रे हे, मी विचारलं, तर वर न बघता म्हणाला, दोन लाख दहा हजार, सर. तेवीस वर्षांत मी सगळी मिळून तीन हजार मुलं शिकवली नसतील, आणि या बाई एका सत्रात दोन लाख दहा हजार... त्यांना घसा तरी किती असेल?

त्यात प्राचार्यांनी मीटिंग घेतली. आमच्या प्राचार्यांना 'एका अर्थाने' म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नाही. म्हणाले, एका अर्थाने हे कोर्स म्हणजे आपले मित्रच आहेत, आणि पुढल्या सत्रापासून एका अर्थाने मुलांना या कोर्सचे गुण आपण धरणार आहोत, आणि त्यामुळे एका अर्थाने सरांचे आठवड्याचे चार तास दोनवर येतील. सगळ्या स्टाफनं माझ्याकडे बघितलं. अहो, एका अर्थाने काय, चाराचे दोन कुठल्याही अर्थाने दोनच. मी उभा राहून म्हणालो, माझा आक्षेप आहे. ते म्हणाले, लेखी द्या, सहा आठवड्यांत.

लेखी द्यायचा तर मुद्दे हवेत, आणि मुद्दे हवेत तर कोर्समधल्या चुका शोधायला हव्यात. म्हणून मी काय केलं... आता लाज वाटते सांगायला, पण सांगतो... मी त्या कोर्सला नाव घातलं. खोटं नाव. 'जिज्ञासू'. वय खरं टाकलं, चोपन्न, कारण तिथं खोटं बोलायचं सुचलं नाही. शिक्षण विचारलं तर दहावी लिहिलं. पीएच.डी. लिहून सापडायचं कशाला? आणि व्यवसाय? बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'घरी असतो'. हे सगळं तिथं नावाखाली सगळ्यांना दिसतं, हे मला नंतर कळलं.

बघायचं कुठं? स्टाफरूममध्ये शक्यच नाही. प्रयोगशाळेच्या मागे आमची एक तराजूची खोली आहे, काचेच्या पेट्यांत ठेवलेले अकरा जुने तराजू, एक खिडकी, एक स्टूल. दुपारी एक ते दोन तिथं कुणी फिरकत नाही. दाराला आतून कडी लावून, कानात बोंडं घालून, मांडीवर नवी कोरी वही घेऊन बसलो. वहीवर लिहिलं, 'कोर्समधील दोष'. पहिला दोष, बाईंचं अक्षर सुबक नाही. दुसरा दोष, मागे कुठंतरी कुत्रं भुंकतं. तिसरा दोष... तिसरा सापडेना हो. बाई बोलत होत्या आणि मी लिहायचं विसरून ऐकत होतो. तास संपला तेव्हा माझा चहा थंड झाला होता. माझ्या तासाला कुणाचा चहा कधी थंड झाला असेल असं मला वाटत नाही.

आठवड्याच्या शेवटी चाचणी. वीस प्रश्न. मी हसलो. असल्या चाचण्या मी काढतो. आणि पडले किती? आठ. विसातले आठ. यंत्र बिघडलं असणार म्हणून पुन्हा दिली, तर सात. कारण प्रश्न काय, तर सूत्रबित्र काही नाहीच, नुसतं, का सांगा. तराजूवर पाण्याचं भांडं ठेवलंय, तुम्ही पाण्यात बोट बुडवलंत, तळाला टेकवलं नाहीत, तर तराजूवरचं वजन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? तेवढंच राहील. बोट माझं, हात माझा, वजन मी पेलतोय, भांड्याचा काय संबंध? तर समोर लाल फुली.

त्या कोर्समध्ये एक चर्चेची भिंत असते, कुणीही काहीही विचारावं, कुणीही उत्तर द्यावं. तिथं मी तावातावानं लिहिलं, तुमचं उत्तर चुकलंय. दहा मिनिटांत जबाब आला. लिहिणाऱ्याचं नाव 'कागदी विमान'. लिहिलं होतं, "काका, पाणी तुमच्या बोटाला वर ढकलतं ना? मग बोटही पाण्याला तेवढंच खाली ढकलणार. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर करून बघा."

घरात? माझ्या आजूबाजूला अकरा तराजू होते. अकरा. एक चंचुपात्र पाण्यानं भरलं, पारड्यात ठेवलं, दुसऱ्या बाजूला वजनं घालून काटा मध्यावर आणला, आणि बोट बुडवलं. पारडं खाली गेलं. काढलं, वर आलं. बुडवलं, गेलं. तुम्हाला सांगतो, पंधरा मिनिटं मी तिथं बोट बुडवत आणि काढत बसलो होतो, चोपन्न वर्षांचा माणूस. तेवीस वर्षं या खोलीची किल्ली माझ्या खिशात आहे आणि एकदाही मी त्या पाण्यात बोट घातलं नव्हतं. आता लाज वाटते सांगायला, पण काय करणार, तसं झालं खरं.

दुसऱ्या दिवशी मी तराजू उचलून वर्गात नेला. वही उघडलीच नाही. मुलांना म्हटलं, सांगा, वजन वाढेल की नाही. खिडकीकडची दोन डोकी वळली. बाकावरचं डोकं उठलं. आणि पहिल्या बाकावर ती होती, तिला मी 'प्रश्नचिन्ह' म्हणतो, म्हणजे तोंडावरच म्हणतो, कारण सतत हात वर, सर असंच का, सर तसं का नाही. ती त्या दिवशी काही विचारेचना, नुसती माझ्याकडे बघत बसली. तास संपल्यावर तिघं बोट बुडवायला पुढे आले. मी असा चालत बाहेर पडलो की जणू हे सगळं मला मनातून सुचलं होतं.

आणि एक वाजता तराजूच्या खोलीत कडी लावून बसतो तर कागदी विमानाचा निरोप. काका, गंमत ऐका, आज आमच्या सरांनी वर्गात नेमका तोच बोटाचा प्रयोग केला, तेही बहुतेक चोरून हाच कोर्स बघतात, बरं झालं, त्यांनाही हे येत नव्हतंच, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तेवीस वर्षं शिकवून त्यांना येत नाही तर तुम्ही तर घरीच असता.

माझी कानशिलं तापली. मी स्वतःला समजावलं, दोन लाख दहा हजार लोक आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांना कुणीतरी सर असतील, त्यातल्या कुणीतरी तेवीस वर्षं शिकवत असेल, कुणीतरी आजच बोट बुडवलं असेल... माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो, विशेषतः दाराला आतून कडी असेल तर. कोर्स मात्र सोडला नाही. उलट रोज जायला लागलो. ते कागदी विमान समजावायचं इतकं नीट की विचारू नका. एकदा चुकलो तर चिडायचं नाही, 'इतकं सोपं कळत नाही का' म्हणायचं नाही. ते वाक्य माझं आहे, मी दिवसातून चारदा म्हणतो. मला दर आठवड्याला दोन-तीन गुण जास्त पडायला लागले. बारा. चौदा. दोषांच्या वहीत मी आता दोष नाही, टिपणं काढत होतो.

पाचव्या आठवड्यात विमान आलं. विमान का उडतं? म्हटलं, चला, आता आमचं राज्य. हा माझा हातखंडा धडा. पंखाचा वरचा भाग फुगीर, खालचा सपाट. समोरून हवा येते, पंखाशी दोन भाग होतात, एक वरून जाते, एक खालून. वरचीला वाट लांबची, खालचीला जवळची, पण मागच्या टोकाला दोघींना एकाच वेळी पोचायचं असतं, म्हणून वरची जोरात पळते, तिचा दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं. इथे हशा, कारण मी म्हणतो, दोघी मैत्रिणी आहेत, एकत्र चहा प्यायचं ठरवून निघालेल्या. तर त्या दिवशी मी भिंतीवर हे सगळं ऐटीत लिहून टाकलं. मैत्रिणींसकट. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

कागदी विमानाचं उत्तर आलं. "काका, एकाच वेळी पोचायचं असं हवेला कुणी सांगितलं? खरं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोचते. पंख हवेला खाली वळवतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. बोटासारखंच आहे. आणि तुमचं खरं असेल तर विमान उलटं कसं उडतं? कागदाच्या विमानाला कुठं फुगवटा असतो? मी वहीत आकृती काढलीय, फोटो पाठवते. या मैत्रिणी आमच्या सरांकडेही आहेत, सगळीकडे हाच विनोद फिरतो वाटतं. त्यांना मी हेच विचारलं होतं, त्यांनी मला तीन तास वर्गाबाहेर उभं केलं."

फोटो उघडला. पेन्सिलीनं काढलेली आकृती, पंख, बाण, हवा खाली वळतेय, अगदी स्वच्छ. आणि त्याच पानावर कोपऱ्यात लाल शाईत शेरा, 'वायफळ प्रश्न विचारून वर्गाचा वेळ घेऊ नये.' खाली सही. सहीच्या शेवटी ती लांब शेपटी. ती शेपटी काढायला मी कॉलेजात असताना आठवडाभर सराव केला होता.

बरं वाटलं असेल का मला? अहो, त्या स्टुलावर बसल्या बसल्या लहान लहान होत गेलो मी. तो दिवस आठवला. प्रश्नचिन्हानं हात वर केला, विचारलं, सर, पण त्यांना भेटायचंच असतं कशावरून? आणि मी म्हणालो, तू वरांड्यात जा आणि हवेलाच विचार. मोठा हशा झाला, समासात नसलेला. तिनं माझे तीन तास वरांड्यातून, खिडकीच्या गजांमागे उभं राहून टिपणं घेतली. आणि मला तेव्हा काय वाटलं असेल, तर वर्ग आपल्या मुठीत आहे. आता लाज वाटते सांगायला... नाही, हे सांगताना नुसती लाज नाही वाटत.

घरी बायकोला सांगितलं. बायको इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर असते. तिनं सगळं ऐकून घेतलं, बोटापासून शेपटीपर्यंत, मध्ये एकदाही हसली नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. मग म्हणाली, आमच्याकडे एखाद्याला चुकीची गोळी गेली तर आम्ही काय करतो माहितेय? त्याच दिवशी फोन करतो, काय झालं ते सांगतो, लाज वाटली तरी.

मी म्हटलं, अगं, तेवीस वर्षांच्या पेशंटना मी फोन कसा करू?

"एकाला तर कर," ती म्हणाली, "तो विमान चालवतो ना, त्याला."

आहे, माझा एक विद्यार्थी वैमानिक आहे. दरवर्षी मी वर्गात त्याचं नाव घेतो, आपल्याच बाकांवरून उडाला तो म्हणून. आणि हा माणूस इतकी वर्षं शे-दीडशे माणसं पाठीमागे बसवून माझ्या हवेवर उडतोय. फोन लावला. म्हटलं, अरे, ते पंखाचं, वरची हवा, खालची हवा, मैत्रिणी... ते चुकीचं आहे रे.  तर अगदी अदबीनं म्हणाला, "हो सर, ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात खोडायला लावलं. कुणी शिकवलं म्हणून ओरडत होते. मी तुमचं नाव नाही सांगितलं, सर."

नाव नाही सांगितलं. मी त्याचं नाव बारा वर्षं मिरवतोय आणि तो माझं नाव बारा वर्षं लपवतोय. फोन ठेवताना आभार मानावेत की माफी मागावी तेच कळेना, म्हणून तब्येतीला जप म्हणालो.

शनिवारी आक्षेपाची मुदत संपत होती. प्राचार्यांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, एका अर्थाने मी वाटच बघत होतो. मी कागद दिला, त्यावर एकच ओळ होती, माझा आक्षेप नाही. त्यांनी कागद उलटा करून मागे बघितलं, मागेही काही नव्हतं. पुढल्या सत्रापासून तास दोनवर यायचं ठरलं. कुणी हळहळलंही नाही, एका भाषेच्या बाईंनी तेवढं विचारलं, तुम्हाला बरं नाही का?

आणि सोमवारी वर्गात गेलो. अकराची सतरा झाली होती, बोटाच्या कृपेनं. नेमकं त्या दिवशी जास्त मुलं नको होती मला. फळ्यावर पंख काढला, सवयीनं त्याला वर फुगवटाही काढला. म्हटलं, हे मी तुम्हाला जे शिकवलं ते चूक आहे. तेवीस वर्षं चूक शिकवत आलो. हवेला कुणालाही भेटायचं नसतं. मग जसं मला समजावलं गेलं तसं सगळं समजावलं, उलटं उडणारं विमान, कागदाचं विमान, खाली वळणारी हवा. आणि म्हटलं, हे मला ज्यांनी शिकवलं त्या याच वर्गात पहिल्या बाकावर बसल्या आहेत. मी त्यांना वर्गाबाहेर काढलं होतं. जिज्ञासूकाका म्हणतात त्या मला. मी घरी असतो.

प्रश्नचिन्हाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. उभी राहिली बिचारी, बाकाची कड धरून. तिला काय वाटलं असेल सांगा, काकांना म्हणून सरांबद्दल जे जे लिहिलं ते ते सगळं थेट सरांनाच पोचलेलं.

"सर," ती म्हणाली, "मी तुमच्याबद्दल काहीबाही लिहिलं होतं."

"लिहिलंस ते बरोबर लिहिलंस," मी म्हणालो, "काहीबाही मीच लिहिलं होतं, लाल शाईनं. वही आण, खोडून देतो."

तिनं वही आणली. मी शेरा खोडला, त्याखाली लिहिलं, प्रश्न योग्य होता, आणि सही केली, बिनशेपटीची.  आणि तुम्हाला खरं सांगतो, हलकं वाटलं. इतकी वर्षं पाठीवर पोतं होतं आणि ते पोतं आहे हेच माहीत नव्हतं असं काहीसं. म्हटलं, झालं, सुटलो, आता या पोरांना तरी आपण खरं ते देऊ. जागेवर जाऊन बसली ती. आणि बसल्या बसल्या पुन्हा हात वर.

मी म्हटलं, विचार. आता तू काहीही विचार.

म्हणाली, सर, वार्षिक परीक्षेत हा प्रश्न दर दोन वर्षांनी येतो, विमान का उडते, कारण सांगा, चार गुण. पेपर तपासायला दुसऱ्या कॉलेजांचे सर असतात, आणि त्यांच्या हातात जी छापील नमुना उत्तरं असतात त्यात दोन्ही हवा एकाच वेळी पोचतात असंच आहे, मी बघितलंय. मग आम्ही लिहायचं काय?

सतरा डोकी माझ्याकडे. एकही खिडकीकडे नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा सगळा वर्ग मन लावून माझ्या उत्तराची वाट बघत होता. चार गुण म्हणजे एखाद्याचं पुढच्या कोर्सला जाणं किंवा न जाणं, हे मला कळतं, त्यांना माझ्याहून जास्त कळतं. त्या दुसऱ्या कॉलेजातल्या सरांच्या जागी सहा आठवड्यांपूर्वीचा मी असतो, तर मीसुद्धा खऱ्या उत्तरावर लाल फुलीच मारली असती... जाऊ दे. खडू घेतला. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, 'खरे', दुसऱ्या बाजूला लिहिलं, 'चार गुणांचे'. आणि मान खाली घालून म्हटलं, दोन्ही उतरवून घ्या, पाठ मात्र दुसरं करा.